हितचिंतकांचे उत्तरदायित्व : तीन शोकात्मिकांतील विवाह आणि वडीलधारे

तरुण युगुलाच्या नाशाचे खापर शोकात्मिकेच्या चर्चेत सामान्यतः विरोधकांवर फोडले जाते. कुळाचे वैर, जातीचा अभिमान, पित्याचा हट्ट ही त्याची परिचित कारणे होत. नाट्यसंहितांचे बारकाईने वाचन केले असता मात्र विरोधकांच्या जोडीने आणखी एक वर्ग या नाशास हातभार लावताना आढळतो. हा वर्ग हितचिंतकांचा आहे. दोन तरुण जीवांच्या मीलनात आपल्या व्यापक हेतूची सिद्धी पाहणारी ही वडीलधारी माणसे विवाहावर असा अर्थ लादतात, की तो पेलण्याचे बळ त्या विवाहात असतेच असे नाही. शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) आणि गिरीश कार्नाडांचे कन्नड ‘तलेदंड’ (१९९०) या तीन नाटकांच्या आधारे हा मुद्दा येथे तपासावयाचा आहे.

शेक्सपिअरच्या नाटकातील ज्युलिएटचा पिता कॅप्युलेट आरंभी समंजस वाटतो. पॅरिसने मागणी घातली असता मुलीचे वय अद्याप लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्यावेत, असे तो सुचवतो. पुढे टिबल्टच्या मृत्यूनंतर तोच पिता काही दिवसांत विवाह उरकू पाहतो आणि मुलगी नकार देताच तिला घराबाहेर काढण्याची धमकी देतो. येथे विरोधकाची भूमिका स्पष्ट आहे. परंतु कथानकाची खरी सूत्रे फ्रायर लॉरेन्सच्या हाती आहेत. रोमिओच्या चंचलपणाबद्दल त्याला कानपिचक्या देऊनही तो गुप्त विवाहास संमती देतो, कारण या विवाहाने दोन घराण्यांचे वैर मिटेल अशी त्याला आशा वाटते. पुढे तो विवाह उघड करीत नाही. औषधाची योजना आखतो. साथीच्या संशयावरून निरोप्या अडकून पडतो आणि पत्र पोचत नाही. शेवटी पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो ज्युलिएटला थडग्यात एकटी सोडून निघून जातो. त्याचा हेतू सफल होतो आणि घराण्यांत समेट होतो, पण त्याची किंमत दोन तरुण जीवांनी मोजलेली असते.

‘कन्यादान’मध्ये हा हितचिंतक घरातच आहे. नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार, तर पत्नी सेवा ही सामाजिक कार्यकर्ती. कन्या ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी विवाह करण्याचा मनोदय सांगते, तेव्हा सेवा व मुलगा जयप्रकाश साशंक होतात. ज्योतीची स्वतःची भावनाही त्या क्षणी पुरती ठरलेली नाही. नाथ मात्र हरखून जातात. जातिनिर्मूलनाचे आजवर भाषणांतून मांडलेले स्वप्न घरात प्रत्यक्ष उतरते आहे, असे त्यांना वाटते. मुलीची द्विधा ऐकण्यापूर्वीच तिचा विवाह हा त्यांच्या दृष्टीने एक प्रयोग होऊन बसतो. पुढे मारहाण सोसणारी ज्योती पित्याला जाब विचारते तो नेमका याच मुद्द्यावर. माणूस मुळात वाईट नसतो, रणांगणातून माघार घ्यायची नसते, ही शिकवण तिने पित्याकडूनच घेतली होती. आता तीच शिकवण तिला परतीची वाट नाकारते. अरुणच्या चित्रणावर दलित वाचक-समीक्षकांनी आक्षेप घेतले. त्यांचे गांभीर्य मान्य करूनही, नाटकाचा कठोर प्रश्न नाथांना उद्देशून आहे, असे म्हणता येते.

बेंगळूरु येथे दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या व तेथेच २०१९ साली निवर्तलेल्या कार्नाडांचे ‘तलेदंड’ या प्रश्नाला सामुदायिक परिमाण देते. नाटक बाराव्या शतकातील कल्याणमध्ये, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणमध्ये घडते. पूर्वाश्रमीचा ब्राह्मण मधुवरस आपली कन्या कलावती, चर्मकार हरळय्याचा पुत्र शीलवंत याला देऊ करतो. उभय कुटुंबे शरण आहेत, आणि शरणांना जात नाही. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हे प्रेमिकांचे बंड नव्हे. विवाह वडीलधाऱ्यांनीच ठरवलेला आहे. बसवण्णांना त्यातील धोका दिसतो. सनातनी समाज हा विवाह वर्णव्यवस्थेच्या मुळावरील घाव मानील, हे ते जाणतात. पण आशीर्वाद नाकारणे म्हणजे स्वतःचीच शिकवण नाकारणे ठरेल. या पेचातून संमती येते. त्यानंतर दोन्ही पित्यांचे डोळे काढले जातात, हत्तीच्या पायांना बांधून त्यांना फरफटत नेऊन ठार केले जाते, आणि अखेर शरणांच्या कत्तलीत नगर बुडते.

तिन्ही नाटकांतील समान सूत्र असे सांगता येईल. हितचिंतकांचा हेतू अशुद्ध नाही आणि त्यांचे ध्येयही चुकीचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय असल्याचे प्रतिपादन केले होते. या नाटकांनी त्या विचाराचे खंडन होत नाही. ती विचारतात ते एवढेच, की विवाहामागील जोखीम कोण पत्करतो आणि निर्णय कोण घेतो?

भेद दिसतो तो किंमत मोजणाऱ्यांत. व्हेरोनात तरुण मरतात आणि वडीलधारे त्यांचे सुवर्णपुतळे उभारण्याचे ठरवतात. फ्रायर आपली हकीकत सांगून क्षमेस पात्र ठरतो. देवळालीकरांच्या घरात कोणी मरत नाही. मुलगी पित्याच्याच शब्दांनी पित्याचा त्याग करते, आणि नाथांना ते पाहत राहावे लागते. कल्याणमध्ये निर्णय घेणारे पिते स्वतः प्रथम बळी जातात. म्हणून नैतिक दृष्ट्या हरळय्या व मधुवरस हे नाथ आणि फ्रायर यांच्याहून वेगळे ठरतात: त्यांनी आपल्या श्रद्धेचे ओझे केवळ अपत्यांच्या खांद्यावर ठेवलेले नाही. तथापि, कलावती व शीलवंत यांचे स्वतःचे मन नाटकातील मोठ्यांच्या वादविवादात जवळजवळ ऐकू येत नाही, आणि तेथे ‘तलेदंड’ पुन्हा ‘कन्यादान’च्या शेजारी येऊन उभे राहते.

विरोधक तरुणांची इच्छा मोडतो. हितचिंतक तिला आपला अर्थ देतो. पहिल्याशी लढता येते. दुसऱ्याचे प्रेम खरे असल्याने त्याला नकार देणे तरुणांना अधिक अवघड जाते. शोकात्मिकेच्या तौलनिक अभ्यासात पित्याच्या हट्टाइतकाच त्याच्या उदात्त हेतूचाही विचार व्हावयास हवा, तो याच कारणाने.