दहा सेंटचा मासा

बहामाजच्या दहा सेंटच्या नाण्यावर दोन बोनफिश कोरलेले आहेत. हा मासा गळाला लावायचा म्हणजे मात्र खिसा रिकामा! खास लॉजमधल्या आठवड्याचे बिल हजारो डॉलरांत जाते.

पण हौशी माणूस ऐकतो थोडाच? लाँग आयलंड किंवा एल्यूथेरा बेटावर तो साधे भाड्याचे घर घेतो, स्वयंपाक स्वतः करतो, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाठ करतो आणि गुडघाभर पाण्यात उतरतो. इथे खरी गरज होडीची नसून डोळ्यांची असते. चंदेरी खवले तळाच्या वाळूचा रंग परावर्तित करतात, त्यामुळे मासा दिसण्याआधी त्याची सावलीच दिसते. म्हणून पोलराइज्ड गॉगलवर कंजुषी करू नये. गळाची दांडी जुनी असली तरी भागते. चिखलात खेकडे, कोळंबी शोधताना माशाची शेपटी पाण्याबाहेर डोकावते. तेवढ्यात गळाला बांधलेला दोरा-पिसांचा नकली जीव अलगद त्याच्या पुढ्यात पडायला हवा. अशाच एका नकली जीवाला अँड्रॉस बेटावरच्या चार्ली स्मिथ या वाटाड्यामुळे ‘क्रेझी चार्ली’ हे नाव मिळाले.

मासा लागला की एका दमात दोरी पळवतो. चव घेण्यासाठी हा खटाटोप नाहीच, काटेच फार.

मासेमारीचा परवाना मात्र परदेशी पाहुण्याने काढायलाच हवा. पहिला दिवस स्थानिक वाटाड्यासोबत घालवावा, ते पैसे वसूल होतात. वाळूत पाय घासत चालावे, पाकट दूर सरकतात. मासा पाण्यातच ठेवून सोडावा, कारण दमलेल्या बोनफिशवर शार्क टपलेले असतात.