नगारखान्यातून पडद्यावर

सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ (1958) या चित्रपटाच्या सुरुवातीला जमीनदार विश्वंभर राय वाड्याच्या गच्चीवर एकटेच बसलेले असतात. कुठूनतरी सनईचे सूर येतात. हे कुठे वाजतंय, असं ते नोकराला विचारतात. शेजारच्या गांगुलींकडे मुंज असते. वाजवणारा दिसत नाही, मांडव दिसत नाही, तरी सूर येऊन पोचतो आणि या माणसाचं गेलेलं वैभव ढवळून काढतो. ही सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची. तिथे सतार वापरली असती तर प्रसंग पटला नसता, कारण सतार इतक्या लांब ऐकूच येत नाही.

सनई घडलीच मुळी उघड्यावर वाजण्यासाठी. देवळाचा नगारखाना, लग्नाचा मांडव, मिरवणूक. शेजारी चौघडा घुमत असतानाही तिचा सूर वेगळा उठून दिसतो. जेमतेम हात-दीड हात लांबीच्या लाकडी नळीत एवढा जोर येतो तो तोंडाकडच्या पत्तीमुळे. गवताच्या पोकळ काडीपासून केलेली ही पत्ती वादक ओठांत धरतो. फुंकर बसली की तिची पातळ पाती मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. षड्ज 250 हर्ट्झचा असेल तर सेकंदाला अडीचशे वेळा. ही उघडझाप इतकी झटक्याची असते की हवा सलग वाहत नाही, तिचे तुकडे पडतात. अशा तुटक झोतात मूळ स्वराबरोबर 500, 750, 1000 अशा वरच्या पटींचे स्वरही भरपूर असतात.

हे स्वर पुढे टिकतात ते नळीच्या आकारामुळे. सनई वर निमुळती आणि खाली रुंद होत गेलेली असते, म्हणून तिच्यात सम आणि विषम दोन्ही पटी घुमतात. क्लॅरिनेटची नळी जवळपास सरळ असल्याने तिथे विषम पटी वरचढ ठरतात, आणि आवाज गोलसर, काहीसा पोकळ लागतो. आता आपल्या कानाकडे पाहा. कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते, आणि त्या लांबीमुळे 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिच्यात आपोआप मोठा होतो. सनईच्या वरच्या पटी नेमक्या याच पट्ट्यात येतात.

जुन्या सिनेमाला हे फार सोयीचं पडलं. तेव्हा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापलेला असे. त्या पट्टीची खरखर झाकण्यासाठी चित्रपटगृहात 5000 हर्ट्झच्या पुढचा आवाज बराच दाबला जाई, आणि खर्जही पुरता उतरत नसे. तानपुऱ्याची झिलई त्यात हरवायची. सनईचं बळ मात्र मधल्या पट्ट्यात, त्यामुळे भोंग्याच्या स्पीकरमधूनही ती शाबूत बाहेर पडायची. पडद्यावर तिला एवढं मानाचं स्थान मिळालं त्यात रागदारीइतकाच या पट्ट्याचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

विजय भट्ट यांच्या ‘गूंज उठी शहनाई’मध्ये (1959) तर नायकच सनईवादक आहे. संगीत कुडाळकडच्या वसंत देसाईंचं. राजेंद्रकुमार पडद्यावर, सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची, आणि एका रागमालेत तिच्या जोडीला उस्ताद अमीर खाँचा गळा. ही रागमाला कान देऊन ऐका. गळा जिथे घसरत जातो, तिथे सनईही घसरत जाते. सनईला पट्ट्या नाहीत, चाव्या नाहीत. बोट भोकावरून जरासं सरकवून भोक अर्धं उघडलं आणि ओठांचा दाब बदलला की दोन स्वरांमधली सगळी वाट सलग चालता येते. श्वासही तुटत नाही. गालांत साठवलेली हवा पत्तीत ढकलत असतानाच वादक नाकाने नवा श्वास घेतो.

लग्नातली हीच सनई पाठवणीच्या वेळी काळीज का चिरते, याचं उत्तर मला या घसरत जाण्यात दिसतं. तान्ह्या बाळाचं रडणं साधारण 400 ते 500 हर्ट्झवर सुरू होतं, सनईसारखंच घसरत चढत-उतरत जातं, आणि त्याच्याही वरच्या पटी कानाच्या त्या हळव्या पट्ट्यात शिरतात. सनईचं मधलं सप्तक याच टापूत येतं.

तमिळ सिनेमाने हा मान सनईच्या थोरल्या भावंडाला, नादस्वरमला दिला. ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’मध्ये (1968) वाजवलं ते मदुराईच्या सेतुरामन-पोन्नुसामी या बंधूंनी. पडद्यावर शिवाजी गणेशन यांचे गाल फुगतात, मानेच्या शिरा ताणतात, श्वास नेमका जागेवर घेतला जातो, आणि नट नुसता अभिनय करतोय हे विसरायला होतं. आज लग्नाच्या दृश्यात बहुतेकदा कीबोर्डवरची सनई ऐकू येते. तिच्यात वरच्या पटी हुबेहूब उतरलेल्या असतात. पण कळ दाबली की स्वर तयारच येतो, ओठांतली पत्ती मात्र तो दर वेळी नव्याने शोधते.