बंद केला कोणी?

घरातला कॉम्प्युटर मधूनच बंद पडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो : 'फॉरमॅट मारून टाका.' शेजारचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा हेच सांगतो, फोनवरून मेहुणे हेच सांगतात आणि दुरुस्तीला येणारा माणूस तर विंडोजचा पेन ड्राइव्ह खिशात घेऊनच येतो. विंडोज नव्याने पडते, लग्नाचे फोटो कुठल्यातरी फोल्डरात गडप होतात, मशीन दोन दिवस सुतासारखं सरळ चालतं आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा अंधार. फॉरमॅट मारून पंख्यातली धूळ निघत नाही, हे इतक्या घरांत इतक्या वेळा सिद्ध होऊनही सल्ला काही बदलत नाही.

खरं तर कॉम्प्युटर आपोआप बंद पडत नाही. त्याला कोणीतरी बंद करतं. संशयित मोजकेच : विंडोज, प्रोसेसर, एसएमपीएस म्हणजे डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, आणि भिंतीतून येणारी वीज. यांपैकी कोणाचा हात आहे हे कळल्याशिवाय पार्ट बदलत सुटणं म्हणजे पैशांचा चुराडा. ते कळायला सुरुवातीला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही, नीट बघावं मात्र लागतं.

पडद्यावर 'शटिंग डाउन' येऊन, गोल चाक फिरून मशीन रीतसर बंद होत असेल तर हुकूम विंडोजने दिलेला आहे. एखादं अपडेट, एखादा टायमर लावलेला प्रोग्राम, नाहीतर दाबलं गेलेलं पॉवर बटण. बंद होऊन लगेच आपला आपण पुन्हा सुरू होत असेल तर बहुधा मध्ये निळा पडदा येऊन जातो, पण डोळ्यांना तो दिसत नाही, कारण अशा वेळी विंडोजने स्वतःहून रिस्टार्ट करावं अशी सोय मुळातच चालू असते. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' या टॅबखाली 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे. तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'पुढची खूण काढली की पुढच्या वेळी निळा पडदा थांबून राहतो आणि त्यावरचा संदेश मोबाइलवर टिपता येतो. तिसरी तऱ्हा म्हणजे काही न सांगता, न विचारता पडदा काळा, पंखे थांबले. हा विंडोजचा उद्योग नव्हे. तिला तर कळलंसुद्धा नाही.

कळलं नाही याचा लेखी पुरावाही मिळतो. स्टार्टवर 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा, 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टम' उघडा आणि मशीन बंद पडल्याच्या वेळेजवळच्या नोंदी पाहा. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर बंद करण्याचा किंवा रिस्टार्टचा हुकूम कोणत्या प्रोग्रामने दिला ते तिथेच लिहिलेलं असतं. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर बरेच लोक घाबरून तोच रोग समजतात आणि त्यावर औषध शोधत बसतात. पण ४१ हा नुसता पंचनामा आहे. मशीन पुन्हा सुरू होताना विंडोज लिहून ठेवते, की मागच्या वेळी मी रीतसर बंद झाले नव्हते. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' नावाची ओळ असते. तिथे शून्य नसेल तर निळा पडदा येऊन गेला होता. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत सगळं संपलं, म्हणजे वीज किंवा उष्णता. त्याच तपशिलात 'पॉवरबटणटाइमस्टॅम्प'पुढे शून्याऐवजी लांबलचक आकडा असेल तर पॉवर बटण दाबून धरलं गेलं होतं. साधारण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सरळ बंद होतं. घरात लहान मूल नसेल तर डब्यावरचं बटणच आत अडकत असण्याची शक्यता आहे. हजारो रुपयांच्या दुरुस्तीआधी त्या बटणावर दोनदा टिचकी मारून पाहायला काय हरकत आहे?

आता उष्णतेकडे येऊ, कारण आपल्याकडे निम्मं दुखणं तिथेच असतं. प्रोसेसरच्या आत स्वतःचं तापमान मोजण्याची सोय असते. आजचे बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरीही तापमान चढत राहिलं तर प्रोसेसर मदरबोर्डला थेट इशारा देतो आणि वीज तोडली जाते. विंडोजला विचारलंही जात नाही. ही व्यवस्था नसेल तर काय होतं हे 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने २००१ मध्ये व्हिडिओ करून दाखवलं होतं. गेम चालू असताना प्रोसेसरवरचा कूलरच उचलून बाजूला ठेवला. इंटेलचा पेंटियम ४ रखडत का होईना, पण चालत राहिला. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. त्यामुळे मधूनच बंद पडणारं मशीन पाहून चिडण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की कदाचित ते स्वतःचा जीव वाचवतंय.

उष्णतेचा हात ओळखायचा तो घड्याळावरून. थंड मशीन सुरू केलं, अर्धा तास चाललं आणि बंद पडलं. लगेच सुरू केलं तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. मग जेवण उरकून सुरू केलं तर परत अर्धा तास व्यवस्थित. असं वेळापत्रक दिसलं तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. खात्रीसाठी 'एचडब्ल्यूइन्फो' किंवा 'कोअर टेम्प' यांपैकी एक फुकट मिळणारा प्रोग्राम टाकून काम चालू असताना आकडा पाहत बसावं.

आणि हो, कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर आटोक्यात ठेवतो. डिसेंबरात नाशिकच्या २० अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ६५ वर चालतो, तोच मे महिन्यात अकोल्यातल्या ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८७ च्या आसपास जाणार. त्यात धुळीने पंधरा अंशांची भर घातली की झाली शंभरी पार. 'हिवाळ्यात तर काही त्रास नव्हता हो' या वाक्यात निदान जवळजवळ पूर्ण झालेलं असतं.

आपल्या कॉम्प्युटर टेबलांचा या प्रकरणात मोठा वाटा आहे. खाली डाव्या-उजव्या बाजूला सीपीयूसाठी एक कप्पा, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, मागे वायरींपुरतं एक भोक. सुताराने मापात बसवलेला. त्यात डबा ढकलला की मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा कप्प्यातच फिरते आणि पुढून परत आत जाते. वर हौसेने घातलेलं कव्हर असेल तर विचारायलाच नको. डबा कप्प्यातून काढून दोन दिवस उघड्यावर ठेवून बघा. एवढ्यानेच बंद पडायचं थांबलं तर दोष टेबलाचा.

धूळ काढायची तर कूलरचा वरवर दिसणारा पंखा पुसून भागत नाही. मशीन बंद करून, प्लग उपसून, डब्याचं झाकण काढून पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या यांच्या मधोमध टॉर्च मारून पाहावं. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ मिळून तिथे राखाडी, चिवट थर बसलेला असतो. पंखा जोरात फिरतो, आवाजही मोठा करतो, पण हवा पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही. दिवाळीच्या साफसफाईला वापरतो तो ब्लोअर चालतो, मात्र हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जायची भीती असते. ओलं फडकं आत नेऊ नये. मशीन पाच-सहा वर्षांचं असेल तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यातली थर्मल पेस्टही वाळून गेलेली असणार. ती पुसून मटारच्या दाण्याहून थोडी कमी नवी लावायची. अनेक इंटेल प्रोसेसरबरोबर मिळणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. डबा हलवताना त्यातली एक जरी निसटली तरी कूलर तिरका होतो, आणि मग मशीन अर्ध्या तासात नव्हे, मिनिटा-दोन मिनिटांत बंद पडतं.

एसएमपीएसचा स्वभाव वेगळा. तिथे घड्याळ नव्हे, काम पाहायचं. टायपिंग, ब्राउझर, गाणी तासन् तास बिनबोभाट, आणि मुलाने गेम उघडला की पाच-दहा सेकंदांत काळोख. तापमान चढायलाही वेळ मिळालेला नसतो. याचा अर्थ अचानक मागितलेली वीज देता आली नाही. एसएमपीएस सगळं ठीक आहे असा एक इशारा मदरबोर्डला सतत देत असतो, त्याला 'पॉवर गुड' म्हणतात. १२ व्होल्टची लाइन ठरल्याप्रमाणे ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी. ती फार खाली घसरली की हा इशारा बंद होतो आणि मदरबोर्ड जागीच थांबतो. भार फारच जास्त झाला किंवा कुठे शॉर्ट झालं तर एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो. मग पुढचं बटण कितीही दाबा, काही होत नाही. भिंतीवरचं बटण बंद करून थोड्या वेळाने चालू केलं की पुन्हा सुरू. ही खूण दिसली तर संशय पक्का.

एसएमपीएसच्या बाजूला लावलेलं लेबल वाचायची सवय आपल्याला नाही. खोक्यावर '४५० वॉट' मोठ्या अक्षरांत असतं, पण आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड खातात ते १२ व्होल्टवर. लेबलावर १२ व्होल्टखाली १६ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा : १९२ वॉट. मिळणार तेवढेच. उलट आठ पिनांची एक जोडणी लागणारं ग्राफिक्स कार्ड नियमाप्रमाणे त्या जोडणीतून १५० आणि स्लॉटमधून ७५, असे २२५ वॉटपर्यंत मागू शकतं. डब्याबरोबर 'फ्री' आलेल्या एसएमपीएसवर वाढदिवसाला असं कार्ड बसवलं तर पुढे काय होणार ते दिसतंच आहे. एसएमपीएस स्वतः उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ शिल्लक राहू शकतात. हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून पंखा फिरतो का बघणं ही दुकानांतली लाडकी चाचणी आहे. त्यातून एवढंच कळतं की एसएमपीएस सुरू होतो. भार पेलतो का, हे कळत नाही. ते कळायला ओळखीच्या कोणाकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना आणून लावणं हाच खात्रीचा मार्ग.

कधी दोष मदरबोर्डचाही असतो. जुन्या बोर्डावरचे छोटे दंडगोल कपॅसिटर डोक्यावर सपाट असायला हवेत. फुगलेले किंवा तपकिरी द्रव गळलेले दिसले तर तिथेच थांबावं. २००० नंतरच्या काही वर्षांत अशा सदोष कपॅसिटरची जगभर साथच आली होती, आणि २००५ मध्ये डेलला त्यापायी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते.

रॅमचं दुखणं शक्यतो अंधारात नव्हे, निळ्या पडद्यात आणि रिस्टार्टमध्ये दिसतं. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. मऊ पांढऱ्या खोडरबराने त्या घासून पुन्हा घट्ट बसवणं हा कारागिरांचा जुना उपाय आहे. लोक त्याला हसतात, पण तो पुष्कळदा लागू पडतो. नाही पडला तर 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालू ठेवावं.

राहिली भिंत. पूर्ण भारावर चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. डोक्यावरचा पंखा जराही मंदावत नाही, ट्यूबलाइट नुसती डोळा मिचकावते, तेवढ्यात कॉम्प्युटर गेलेला असतो, आणि घरचे शपथेवर सांगतात की लाइट गेलीच नव्हती. घरच्या इन्व्हर्टरला बऱ्याचदा मागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं. ते साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंख्या-दिव्यांना तो फरक कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. वेगळा छोटा यूपीएस असेल तर त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. हिरवा दिवा तरीही लागतच राहतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. कॉम्प्युटर काढून यूपीएसला टेबल लॅम्प लावा आणि भिंतीचं बटण बंद करा. लॅम्प लगेच विझला तर चोर सापडला. एक्स्टेंशन बोर्डातला ढिला प्लग, एसएमपीएसच्या मागे अर्धवट बसलेली केबल, फ्रीज सुरू होताना दर वेळी डिम होणारी लाइन, हेही एकदा तपासून घ्यावं. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा आणि कॉम्प्युटरवाल्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एवढं करूनही उलगडलं नाही तर मशीन दुकानात न्यावं लागणार. तिथे हमखास होणारा प्रकार म्हणजे ते काउंटरवर दिवसभर एकदाही बंद पडत नाही. दुकानात एसी असतो, डब्याचं झाकण उघडं असतं, वीज त्यांच्या यूपीएसची आणि केबलही त्यांचीच. म्हणून लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गल्लीच्या टोकाला, नुसता डबा नेऊ नका. आपली पॉवर केबल, एक्स्टेंशन बोर्ड आणि जमलं तर यूपीएसही रिक्षात घाला. सोबत एका कागदावर बंद पडल्याच्या वेळा, तेव्हा काय चालू होतं आणि लगेच सुरू झाला की थांबावं लागलं, एवढं लिहून द्या. डेटाची कॉपी आधीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा, कारण तो कागद न वाचता 'फॉरमॅट मारतो' म्हणणारे अजून पुष्कळ आहेत.