वेठ आणि सक्तमजुरी

'मला कशाला वेठीस धरता?' असे आपण सहज बोलून जातो. पण वेठ ही एके काळी नुसती बोलण्यातली गोष्ट नव्हती. साहेबाचा मुक्काम गावात पडला की ओझी वाहायला, लाकडे फोडायला, निरोप घेऊन पुढच्या गावी पळायला माणसे धरून नेत. मोबदला नाही आणि 'नाही' म्हणायची सोय नाही. महार वतनाच्या नावाखाली तर एका समाजाला ही कामे पिढ्यान् पिढ्या करावी लागली. ती कनिष्ठ वतने मुंबई राज्याच्या १९५८ सालच्या कायद्याने मोडीत निघाली. त्याआधीच आपल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग तुरुंगातल्या कैद्याचे काय? न्यायाधीश त्याला सक्तमजुरी ठोठावतो. तेही काम मनाविरुद्धच, तेही धाकानेच. मग त्याला वेठ का म्हणू नये? वर्गात एखाद्या चौकस मुलाने हे विचारले तर गुरुजींनी त्याला खाली बसवू नये. प्रश्न खरा आहे.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९३० साली वेठीविरुद्ध करार केला, तेव्हा तिलाही तो सोडवावा लागला. शिक्षेचा धाक घालून, माणसाची राजीखुशी नसताना करून घेतलेले काम म्हणजे वेठ, अशी तिने व्याख्या केली. कैद्यांचे काम त्यातून वगळले, पण अटी घालून. शिक्षा न्यायालयाने दिलेली हवी, काम सरकारी देखरेखीखाली हवे, आणि कैदी कुणा खासगी माणसाच्या किंवा कंपनीच्या हवाली करता कामा नये.

ही शेवटची अट किती मोलाची, ते अमेरिकेच्या दक्षिण भागात काय घडले ते पाहिले म्हणजे कळते. तिथे १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. पण त्या वाक्यात एक फट राहिली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून मात्र चालेल! कापसाच्या मळेवाल्यांना तर हात हवेच होते. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा केला. नव्या वर्षाच्या जानेवारीत ज्या काळ्या माणसापाशी कामधंदा नसेल तो उनाड ठरणार, त्याला दंड होणार, आणि दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीला लावून देणार. पुढे राज्येच्या राज्ये आपले कैदी खाणी, रेल्वे आणि मळे यांना भाड्याने देऊ लागली. अलाबामाच्या कोळशाच्या खाणींत ते राबले. भाडे सरकारी तिजोरीत गेले. विकत घेतलेला गुलाम मेला तर मालकाचे पैसे बुडत. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. भाड्याच्या बैलाला पेंड कोण घालतो?

इथे खरी गोम आहे. कैदी वाढले की पैसा वाढतो, अशी घडी एकदा बसली म्हणजे गुन्हा शोधावा लागत नाही, तो तयार होतो. ही भाडेपद्धत शेवटी अलाबामातच १९२८ साली संपली. घटनेतली ती फट मात्र अजून आहे. अलाबामाच्या मतदारांनी २०२२ साली आपल्या राज्याच्या घटनेतून ती काढून टाकली; कॅलिफोर्नियात २०२४ साली तसा प्रस्ताव मतदानात पडला.

बरे, ठेकेदार नसला म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. सोव्हिएत रशियात १९३१ ते १९३३ या काळात बाल्टिक समुद्राला श्वेत समुद्राशी जोडणारा २२७ किलोमीटरांचा कालवा लाखाहून अधिक कैद्यांकडून खणून घेतला गेला. कुदळ, फावडे, ढकलगाडी आणि उत्तरेकडची थंडी. हजारो माणसे मेली. तिथे कंपनी नव्हती. हावरे सरकारच होते. म्हणून १९५७ सालच्या दुसऱ्या करारात, राजकीय मतांबद्दल शिक्षा म्हणून किंवा देशाच्या विकासाच्या नावाखालीही वेठ घेऊ नये, असे लिहावे लागले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निवाडा दिला. सक्तमजुरी ही घटनेने मनाई केलेली वेठ नव्हे. पण कैद्याला त्याच्या कामाची न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे. त्यातून जेवणाखाणाचा खर्च कापता येईल, आणि काही भाग त्याच्या गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांना द्यावा. मला ही शेवटची गोष्ट फार शहाणपणाची वाटते. घरचा कर्ता माणूस मारला गेला, तर आरोपी तुरुंगात गेल्याने त्या बाईची चूल पेटत नाही. २०२४ साली त्याच न्यायालयाने तुरुंगात जात पाहून झाडलोट कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी करायचा हे ठरवण्याची रीतही घटनाबाह्य ठरवली. इतकी वर्षे ती काही तुरुंगांच्या नियमपुस्तकांत छापलेली होती!

याच महाराष्ट्रात दुसऱ्या तऱ्हेचा प्रयोगही झाला आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत काढली. खून केलेल्या कैद्यांनाही तिथे उंच भिंतीवाचून ठेवले, शेती करू दिली, बायकामुले जवळ राहू दिली. त्या कल्पनेवरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. तो पाहिलेले तुमच्यापैकी पुष्कळ असतील. ती वसाहत सांगली जिल्ह्यात आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.