त्रिपुरी पौर्णिमेची काशी : वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

कार्तिक शुद्ध पौर्णिमेच्या संध्याकाळी आपल्याकडे शिवालयापुढील दगडी दीपमाळ उजळते आणि घरोघरच्या सुवासिनी त्रिपुर पाजळावयास देवळाकडे निघतात. त्याच घटकेस विश्वनाथाच्या काशीत गंगेच्या पश्चिम तीरावरील, असीपासून आदिकेशवापर्यंतचे, सहा-सात कि.मी. लांबीचे सर्व घाट पणत्यांनी उजळून निघतात. त्रिपुरासुराचा वध झाला म्हणून आनंदित झालेले देव त्या रात्री काशीत उतरून दिवाळी साजरी करतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून तेथील लोक या सणास ‘देवदीपावली’ म्हणतात. हा सोहळा डोळे भरून पाहावा आणि त्या निमित्ताने आई-वडिलांस काशीयात्रा घडवावी, अशी इच्छा पुष्कळ घरांतून या दिवसांत बोलून दाखविली जाते. इच्छा उत्तमच. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाची काशी बहुधा एकदाच घडते. ती रांगेत, धक्काबुक्कीत आणि दराच्या घासाघिशीत संपून जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम तिथीविषयी. उत्तरेकडील पंचांग पौर्णिमान्त असल्यामुळे तेथील कार्तिक महिना या पौर्णिमेस संपतो. महिनाभर पहाटे गंगास्नान करणाऱ्यांच्या व्रताची समाप्ती त्याच दिवशी होते आणि आसपासच्या जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे शेवटच्या स्नानासाठी लोटतात. म्हणजे पहाटे स्नानाची गर्दी, संध्याकाळी दिव्यांची. त्यामुळे पौर्णिमेच्या दिवशी विश्वनाथाच्या दर्शनाचा बेत वृद्धांना घेऊन करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्तिकी एकादशीची पंढरीची वारी ज्यांच्या घरात नाही, त्यांनी द्वादशीपर्यंत काशीत पोहोचावे, दर्शने आधी उरकावीत आणि पौर्णिमेचा दिवस केवळ गंगेसाठी ठेवावा. आदल्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी असते. विष्णूने सहस्रकमळांनी शिवाची पूजा मांडली, एक कमळ उणे पडले, तेव्हा आपला नेत्रच त्याने वाहिला, ती कथा काशीचीच होय.

मुंबईहून महानगरी व कामायनी या गाड्या काशीस जातात. प्रवास एक दिवस आणि एक रात्र यांहून थोडा अधिकच होतो. तिकिटावरील स्थानकाचे नाव मात्र नीट पाहावे. वाराणसी जंक्शन म्हणजे तेथील लोकांचे ‘कँट’. पूर्वीच्या मंडुवाडीह स्थानकाचे नाव २०२१ पासून ‘बनारस’ झाले आहे. मोगलसराई म्हणून आपण ज्या स्थानकास ओळखतो ते २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे आणि ते गंगेच्या पलीकडे, शहराबाहेर आहे. ‘काशी’ नावाचेही एक निराळे स्थानक राजघाटाजवळ आहे. आप्तांनी एका स्थानकावर वाट पाहावी आणि गाडी दुसऱ्याच स्थानकावर उतरवावी, असे घडू नये. विमानाने जाणाऱ्यांस बाबतपूरचा विमानतळ गावापासून सुमारे २५ कि.मी. पडतो.

मुक्काम कोठे करावा, हा यात्रेचा अर्धा प्रश्न आहे. घाटालगतच्या निवासांचे वर्णन मोहक असते. प्रत्यक्षात मोटार गोदौलियाच्या अलीकडेच थांबते आणि तेथून सामान डोक्यावर घेऊन गल्ल्यांतून चालावे लागते. घाटाच्या पायऱ्या उंच व खड्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी अस्सीकडे, जेथे रिक्षा घाटाच्या बऱ्याच जवळ येते, खोली घ्यावी हे बरे. गावात फिरावयास सायकलरिक्षा, विजेवरची रिक्षा आणि ऑटो मिळतात. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, आणि ‘ते देऊळ आज बंद आहे, दुसरे दाखवितो’ किंवा ‘विणकरांच्या घरीच साडी स्वस्त मिळते’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. त्याचे अडत्याशी ठरलेले असते. शालू घ्यावयाचाच असेल तर तो यात्रा पुरी झाल्यावर, घरच्या स्त्रियांनी दोन-तीन दुकाने पाहून सावकाश घ्यावा.

विश्वनाथ आणि काळभैरव

आजचे विश्वनाथ मंदिर १७८० मध्ये पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पूर्वीचे देवालय पाडले गेल्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी ज्योतिर्लिंगास पुन्हा शिखर लाभले ते एका मराठी राणीमुळे. शिखरावरील सोने पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी अर्पण केले. पूर्वी ज्यांनी यात्रा केली आहे, त्यांना देवळाभोवतालचा परिसर ओळखू येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नवे विस्तीर्ण प्रांगण खुले झाले आणि गंगेवरून ललिता घाटाच्या बाजूने थेट वर येण्याचा मार्ग झाला. अरुंद गल्लीतून फुलवाल्यांना चुकवीत, नंदीस वळसा घालीत जाण्याची ती जुनी गोडी गेली, याची हळहळ कोणास वाटेल. पण वृद्धांचे पाऊल आता मोकळ्या जागेवर पडते, हेही खरे. चाकाच्या खुर्चीची सोय आहे, प्रवेशद्वारी चौकशी करावी. मोबाईल व कॅमेरा आत नेता येत नाही. ते खोलीवर ठेवूनच निघावे. नाही तर प्रसादाच्या दुकानदाराच्या कपाटात ठेवावे लागतात आणि मग तो देईल त्या किमतीची परडी घ्यावी लागते. जवळच अन्नपूर्णा आणि मीर घाटावरील विशालाक्षी आहेत. ही तिन्ही दर्शने एका सकाळीत होतात. त्या दिवशी दुसरे काही करू नये.

काळभैरव हा काशीचा कोतवाल. त्याच्या अनुज्ञेवाचून यात्रा फळत नाही, असे मानतात. हे मंदिर मैदागिनच्या बाजूस आहे. मैदागिनपर्यंत रिक्षाने जावे आणि पुढे पायी. दर्शन झाल्यावर तसेच परत न फिरता गल्ल्यांतून गंगेच्या दिशेने उतरत पंचगंगा घाटावर यावे. ही वाट चुकवू नये, असा आमचा आग्रह आहे.

मराठी माणसाची काशी

कारण पंचगंगेच्या आसपास, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या भागांत, आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. अजूनही एखाद्या ओसरीवरून मराठी शब्द कानी येतो. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ येथेच लिहिला. त्यांचेच पणतू गागाभट्ट १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडी आले. पैठणचे नाथमहाराजही येथे राहिले. पैठणास आरंभिलेले एकनाथी भागवत त्यांनी काशीत पूर्ण केले ते शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, आणि तिथी होती हीच कार्तिकी पौर्णिमा. ज्यांच्या घरी भागवताचे नित्य वाचन आहे, त्यांनी पौर्णिमेस सकाळी गंगाकाठी बसून अखेरचा अध्याय वाचावा. याला ना रांग लागते ना दक्षिणा.

पंचगंगेवरील बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. घाटावर अहिल्याबाईंची दगडी दीपमाळ आहे. सुमारे हजार दिव्यांची म्हणून तिला ‘हजारा’ म्हणतात. आपल्या गावच्या देवळापुढील दीपमाळेशी तिचे नाते मराठी डोळ्यास पाहताक्षणी कळते. कार्तिकभर येथे उंच बांबूंवर टोपल्यांतून पितरांसाठी आकाशदीप चढवितात. आज जगभरचे लोक जी देवदीपावली पाहावयास येतात, तिचे आजचे स्वरूप १९८५ च्या सुमारास याच घाटावरून पुन्हा सुरू झाले आणि हळूहळू इतर घाटांवर पसरले.

नावेतून जाताना आपली नावे एकामागून एक समोर येतात. अस्सीजवळ भदैनीत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान आहे. माहेरचे त्यांचे नाव मणिकर्णिका. मग नागपूरकरांचे दिवाण मुन्शी यांचा घाट. अहिल्याबाई घाट. दशाश्वमेध, जो नानासाहेब पेशव्यांनी १७४८ मध्ये बांधविला. पुढे मणिकर्णिका, तिच्यालगत शिंदे घाट आणि नागपूरकर भोसल्यांचा घाट. शिंद्यांचे बांधकाम इतके भारी होते की ते स्वतःच्याच वजनाने खचले, आणि तेथील रत्नेश्वराचे देऊळ आजही कलून उभे आहे. बालाजी घाटावरील मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत.

मणिकर्णिकेवर अहोरात्र चिता जळत असतात. तेथे छायाचित्र घेऊ नये. लाकडासाठी दान मागत जे पाठीस लागतात त्यांना नमस्कार करून पुढे जावे. वृद्ध आईवडिलांस तेथे न्यावे की नाही, हा प्रश्न मुले दबक्या आवाजात विचारतात. त्यांनाच विचारावे, पुष्कळदा तेच सर्वांत शांतपणे पाहतात.

ज्यांना शास्त्रोक्त पंचतीर्थी करावयाची आहे, त्यांनी असी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका या क्रमाने स्नाने करावीत. नावेने गेल्यास ती एका दिवसात होतात. पंचक्रोशी सुमारे ८० कि.मी.ची असून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा हे तिचे पाच मुक्काम होत. पायी जमत नसेल तर वाहनाने एका दिवसात होते. तीर्थश्राद्धासाठी गुरुजी ठरविताना विधी कोणते व दक्षिणा किती हे घरच्या कर्त्या माणसाने आधीच बोलून घ्यावे. संकल्प सुटताना हातात पाणी घेऊन बसलेल्या वृद्धास रकमेचा प्रश्न ऐकू येऊ नये.

सारनाथ दहा कि.मी.वर आहे. तेथील संग्रहालयात अशोकाचे सिंहशीर्ष आहे, मात्र ते शुक्रवारी बंद असते. दुर्गाकुंड, संकटमोचन, तुलसीमानस मंदिर आणि हिंदू विश्वविद्यालयातील नवे विश्वनाथ मंदिर ही एका दुपारची फेरी. भारतमाता मंदिरात मूर्तीऐवजी संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे. १९३६ मध्ये गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. मुले बरोबर असतील तर अवश्य दाखवावे.

पौर्णिमेची संध्याकाळ

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी दुपारपासूनच घाटाकडील रस्ते वाहनांस बंद होतात आणि नावेचे दर नेहमीच्या कितीतरी पट चढतात. नाव घ्यावयाची असल्यास आठवडाभर आधी ठरवावी, माणशी की पुऱ्या नावेचे भाडे हे स्पष्ट करून घ्यावे आणि सर्वांना जीवरक्षक जाकीट मिळेल याची खात्री करावी. नावांची एवढी दाटी होते की पुढे सरकणे कठीण जाते, आणि रात्री उतरताना एका नावेतून दुसरीत पाऊल टाकावे लागते. वृद्धांना हे झेपत नाही. त्यापेक्षा दशाश्वमेधाचा हट्ट सोडून अस्सीच्या बाजूच्या एखाद्या शांत घाटावर ऊन असतानाच वरच्या पायरीवर जागा धरावी. बसावयास सतरंजी, अंगावर शाल, पिण्याचे पाणी आणि आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या पणत्या, वाती व तेल बरोबर असावे. हरवल्यास कोठे भेटायचे ती जागा ठरवावी आणि वडीलधाऱ्यांच्या खिशात मुक्कामाचा पत्ता लिहून ठेवावा. परतताना घाई करू नये. गर्दी ओसरेपर्यंत दोन तास तेथेच बसून राहावे. सूर्यास्ताबरोबर पलीकडच्या वाळूवरून चंद्र वर येतो, आणि या तीरावर दिवे लागतात. आपली पणती आपल्या हाताने लावावयास मिळते ती अशाच घाटावर.

दुसऱ्या दिवशी ठठेरी बाजारात तांब्याचे गडू घ्यावेत. पहाटे ते स्वतः भरावेत आणि झाकणास डाख देऊन घ्यावा. मावंद्याच्या दिवशी पूजेस एक गडू लागेल, एक देवघरात राहील, आणि शेजारी मागावयास येतील ते निराळे. तेव्हा मोजून घेण्यापेक्षा दोन-चार अधिकच घेतलेले बरे.