‘वॉरंटीत आहे ना, मग कंपनी बघेल की!’

कोळपणीचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगरात मोंढ्याकडच्या शेती-यंत्रांच्या दुकानांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. पुढ्यात गेल्या हंगामात घेतलेला पॉवर वीडर असतो. दोरी ओढावी तर जागची हलत नाही आणि ऑइलचा बोल्ट खोलावा तर वाटीभरही काही गळत नाही. दुकानदार ‘हे वॉरंटीत बसत नाही’ म्हणाला की तो लबाड आणि कंपनी चोर! वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि निम्म्या शहराची रोजीरोटी सुट्या भागांवर चालते. अशा गावात हा समज टिकून राहावा, याची आधी गंमत वाटायची. आता वैताग येतो.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. कार्डावरचं वचन एवढंच असतं, की माल किंवा जोडणी कारखान्यातूनच सदोष आली असेल तर ठरलेल्या मुदतीत तो भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. ओतकामातल्या पोकळीमुळे ब्लॉक तडकला, व्हॉल्व्हची सीट सैल निघाली, पहिल्याच आठवड्यात क्रँकच्या सीलमधून ऑइल गळू लागलं, हे सगळं कंपनीने निस्तरायचं. प्लग, फिल्टर, बेल्ट, क्लच, वीडरची पाती झिजण्यासाठीच असतात, ती आपली. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून चिकटलं, तर तेही आपलंच.

‘पण बिघाड इंजिनाच्या आत झालाय, मी कुठे आत हात घातला?’ हा पुढचा प्रश्न. इंजिन खोललं की आत काय घडलं ते दिसतं. फिल्टर न लावता किंवा फाटक्या फिल्टरवर चालवलं असेल तर धूळ इनलेटमधून शिरते. रिंगा आणि पिस्टन घासून मंद राखाडी झालेले असतात आणि घास इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावरही दिसतो. ऑइल कमी पडलं असेल तर कनेक्टिंग रॉडचं ॲल्युमिनियम क्रँकपिनवर फासल्यासारखं चिकटतं, पिन तापून निळी पडते आणि कधी रॉडच तुटतो. टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये पेट्रोलात ऑइल घालायचं राहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे पडतात. यातलं काहीही कारखान्यातून येत नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस झाकण उघडताच नकारार्थी मान हलवतो, ती दरवेळी हलकटपणाने नव्हे.

आपली खरी गोची मोजमापात आहे. आपण वर्षं मोजतो, इंजिन तास मोजतं. या वर्गातल्या होंडाच्या जीएक्स इंजिनाची पुस्तिका पाहा: पहिलं ऑइल २० तासांनी किंवा महिन्याने बदला, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. रोज आठ तास वीडर चालवला तर १०० तास तेराव्या दिवशीच भरतात. मोटरसायकल ताशी ४० किलोमीटरने १०० तास चालवली तर ४,००० किलोमीटर होतात. तेवढ्यावर आपण ती न चुकता सर्व्हिसिंगला नेतो. वीडरचं ऑइल मात्र दिवाळीला आठवतं, तेही आठवलं तर. शिवाय यातल्या बऱ्याच इंजिनांत ऑइलचा पंप नसतो. रॉडच्या टोकाची पळी ऑइल उडवते, त्यावर सगळं वंगण. पातळी खाली गेली किंवा यंत्र उतारावर फार कललं, तर पळी कोरडीच फिरते.

आता कंपन्यांच्या बाजूने पसरवला जाणारा गैरसमज: ‘बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला, वॉरंटी खलास.’ सरसकट हे खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं, की ग्राहक बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्यावरून वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेश मोटारींबद्दलचा आहे आणि त्यावर अपिलंही झाली, त्यामुळे वीडरच्या दुकानात तो कायदा म्हणून आपटू नका. पण बाहेर ऑइल बदललं म्हणून फुटका ब्लॉक नाकारणाऱ्याला ‘त्या ऑइलने ब्लॉक कसा फुटला?’ एवढं जरूर विचारा. ऑइलचं बिल आणि तारीख जपली असेल तर विचारायला जोर येतो.

बाकीचे समज थोडक्यात. अनुदानाच्या यंत्राला वॉरंटी नसते: असते, अनुदानाचा तिच्याशी संबंध नाही. भाग बदलून मिळाला की मुदत नव्याने सुरू होते: बहुतेक कार्डांवर उरलेलीच मुदत चालते. यंत्र बंद पडून खोळंबलेल्या कामाची भरपाई मिळते: कार्ड ती स्पष्ट नाकारतं. पेट्रोल पंपावरचं, मग दोष माझा कसा? २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तर बऱ्याच जुन्या यंत्रांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा आहे. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा. शेतकऱ्याचं यंत्र म्हणजे धंदा, ग्राहक कायदा लागू नाही: हे तर साफ चूक. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही.

दोष कारखान्याचाच आहे अशी खात्री असेल, तर रागाच्या भरात गल्लीतल्या मिस्त्रीकडून इंजिन खोलून घेऊ नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो (कलम ३८). खोललेल्या इंजिनातून पुरावा कसला काढणार? नकार लेखी मागा, पक्कं बिल आणि इंजिन नंबर हाताशी ठेवा. कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि यंत्राची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.