पहिले दहा दिवस टाक्याचे

सकाळी ८. वॉर्डमध्ये चाकणच्या कारखान्यातला पंचविशीचा मुलगा. रात्रपाळीत पत्रा निसटला आणि उजवी तर्जनी बुडाशी कापली गेली. मधला सांधा धरून म्हटलं, “आता नुसतं टोक वाकव.” टोक हललं नाही. “सर, बोट वाकंल ना परत?” बोट वाकवणाऱ्या दोन्ही कंडरा इथे एकाच अरुंद नळीतून जातात. शिवलेली कंडरा नळीला चिकटली, तर बोट ताठच राहतं. हाताचे शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं, ते उगाच नाही.

९. लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. अर्धा तास थांबायचं, कातडी पांढरी पडू द्यायची. मुलगा पूर्ण जागा.

९:३०. कंडरेचं वरचं टोक आखडून तळहातात गेलेलं. ते पांढरं, चकचकीत टोक चिमट्याने फक्त कापलेल्या तोंडाशीच धरायचं. बाजूने दाबलं की तिथेच पुढे चिकटणार. टोकं जुळवून मधून धाग्याचे चार पदर, मग कडेने ६-० चा बारीक धावता टाका. पदर वाढले की ताकद वाढते, पण गाठीही वाढतात आणि नळीत अडतात. “आता बोट वाकव.” वाकलं! शिवणीत फट नाही, कुठे अडकत नाही. जागेपणी केलेल्या शस्त्रक्रियेचं हेच मोल: शिवण तिथल्या तिथे तपासता येते.

दुपारी २. थेरपीची खोली. पाचव्या दिवशीची एक मावशी स्प्लिंटमध्ये हात घालून बसलेली. पहिल्या आठवड्यात कंडरेची टोकं मऊ पडतात. टाक्याभोवतीचं कोलॅजन शरीराचीच विकरं विरघळवतात, धागा शाबूत असूनही कंडरा कापत सरकतो. आणि नेमक्या याच दिवसांत बोट हलवावं लागतं, नाहीतर चिकटतं. “मावशी, हळू. जोर नाही लावायचा, नुसतं वाकवायचं.” थेरपिस्टचं बोट तिच्या बोटाखाली, डोळे शिवणीवर. माझ्या हातून झालेलं काम इथे टिकतं किंवा तुटतं.

संध्याकाळी ५. वाचन. जिवाणूरोधक लेप असलेले टाके वापरात येऊन बरीच वर्षं झाली. मला ओढ आहे ती कंडरेला भरून यायला मदत करणाऱ्या लेपाची. स्वीडनच्या संशोधकांनी २००७ साली उंदराच्या टाचेच्या कंडरेत डॉक्सिसायक्लिनचा लेप दिलेले टाके घातले. हे औषध त्या विरघळवणाऱ्या विकरांना अडवतं. टाक्यांची पकड सुधारली. इतरांनी वाढ-घटकांचे लेप दिले. मला पहिली वाट जास्त पटते: वाढ-घटकाने पेशी जोमाने वाढल्या, तर नळीला चिकटण्याची भीतीही वाढते. शिवाय टाचेच्या कंडरेला बोटासारखी अरुंद नळी नसते, म्हणून ते यश तसंच्या तसं बोटात धरता येत नाही. लेप सुईमागून ओढताना घासून जायला नको, आणि औषध पहिले दहा दिवस तरी झिरपत राहायला हवं. एवढं साधलं, तर मावशींना मी थोडं निर्धास्तपणे “वाकवा” म्हणेन.

७. मुलाच्या ठेकेदाराचा फोन: आठवड्याने कामावर घेऊ का? नाही. जड काम बारा आठवडे बंद. तसं पत्र लिहून, सही-शिक्का मारून मुलाच्या डाव्या हातात दिलं.